रात्रभर निवलेलं इंजिन

मोटारसायकलचा टॅपेट गरम इंजिनावर सेट करायचा नसतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बेळगावात ज्या गॅरेजात मी काम शिकलो तिथे पहिल्याच आठवड्यात ते माझ्या डोक्यात भरलं होतं, आणि डिचोलीला आल्यावर तर उठता-बसता ऐकत होतो. तरी एकदा मी ते मोडलं. आता पासष्टी उलटली, बोटं थरथरतात, पाना दुसऱ्यांच्या हातात गेला आहे, म्हणून लिहायला बसलो. ज्याला हे सांगायला हवं होतं तो मागच्या वर्षी वारला. तो असेपर्यंत तोंड उघडलं नाही आणि तो गेल्यावर वही उघडली. माझी लायकी मला ठाऊक आहे, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

ज्यांनी कधी पाना धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाला दोन झडपा असतात, एक पेट्रोलची वाफ आत घेणारी, दुसरी धूर बाहेर टाकणारी. त्या झडपा उघडायला खालून दोन लांब काड्या वर जातात, त्यांना पुशरॉड म्हणतात. काडी आणि झडप यांच्यात किंचित मोकळीक लागते, ती नेमकी ठेवणं म्हणजे टॅपेट सेट करणं. ती जास्त झाली की इंजिन खटखट वाजतं. कमी झाली तर झडप पुरती मिटतच नाही, दाब धरत नाही, आणि मग किक मारून पाय मोडला तरी गाडी चालू होत नाही. त्या काळच्या जड, धडधडणाऱ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला ही मोकळीक पट्टी घालून मोजता येत नसे, बोटानेच बघावी लागे. खालचं झाकण काढायचं, काडी चिमटीत धरून फिरवायची. सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आणि हे सगळं थंड इंजिनावर. इंजिन तापलं की सिलिंडर वाढतो आणि मोकळीक फसवी, जास्त दिसते. ती फसवी मोकळीक तुम्ही आवळून टाकलीत, तर इंजिन निवल्यावर काड्या झडपांना ढकलून उघड्याच धरून ठेवतात.

आमचा मेस्त म्हणूनच टॅपेटचं काम दिवसा घेतच नसे. गोव्यात मिस्त्रीला मेस्त म्हणतात. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, त्याचं उत्तर ठरलेलं, "गाडी रातची हांगा दवर. सकाळीं निवल्यार पळयतां." रात्री गाडी इथे ठेव, सकाळी निवल्यावर बघतो. मग सकाळी, चहाच्याही आधी, पहिली किक बसायच्या आत तो झाकण उघडायचा. मराठीच्या मोर्च्यांत घोषणा देऊन देऊन त्याचा घसा बसलेला असायचा, आणि मला शिव्या मात्र अस्सल कोंकणीतून मिळायच्या. मी चंदगडकडचा, म्हणजे त्यांच्या भाषेत घाटी. मराठीसाठी भांडणारा माणूस मराठी बोलणाऱ्याला घाटी म्हणतो याची मला तेव्हा फार मौज वाटायची. मेस्त मनाने मोठा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पायलटचं. मोटारसायकलवर मागे एक गिऱ्हाईक बसवून भाडं मारणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. मी नवीन होतो तेव्हा बाजारात कुणीतरी म्हणालं, पायलटला विचार, आणि मी बावळटासारखा आभाळाकडे बघितलं. तर मुळगावचा एक पायलट आमचं कायमचं गिऱ्हाईक होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, हाडकुळा, बोलायला गोड. मी त्याला दादा म्हणायचो. गाडी अशी पुसायचा की पिवळ्या मडगार्डात तोंड बघून भांग पाडावा.

त्याच्या बायकोला दमा होता. मुळगावाजवळून खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे, तांबडी धूळ तुळशीवर बसायची, भातावर बसायची, माणसांच्या छातीत बसायची. महिन्यातून एक-दोनदा वहिनींचा श्वास अडकायचा. मग दादा त्यांना गाडीवर मागे बसवून ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि दहा मिनिटांत डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात आणायचा. एक इंजेक्शन, थोडा वेळ ऑक्सिजन, की दुपारपर्यंत वहिनी घरी जाऊन चुलीपुढे. हे इतक्या वेळा झालं होतं की दवाखान्यातल्या नर्सबाई गाडीचा आवाज ऐकून खाट रिकामी करायच्या. ती गाडी म्हणजे वहिनींचा श्वास होती, आणि हे दादाला, मला, मेस्तला, सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या गाडीचे टॅपेट दोन महिने वाजत होते. मेस्तने दोनदा सांगितलं, एक रात्र ठेवून जा. दोन्ही वेळा तो म्हणाला, "रातची गाडी घरा जाय रे. तिका केन्ना दमो लागत, सांगूंक जायना." रात्री गाडी घरी हवी, तिला केव्हा दमा लागेल सांगता येत नाही. शेवटी असं ठरलं होतं की मेस्त स्वतःच एका पहाटे मुळगावला जाऊन त्याच्या अंगणात काम करून देईल. ते राहून गेलं, कारण गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं.

ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना वर्णन नको. रस्त्यावर झाडं आडवी, नाक्यावर टायर जळताहेत, बस बंद, पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा दिसत नाही. खनिजाचे ट्रक रांगेने उभे. दादा येऊन म्हणाला होता की ट्रक बंद झाल्यापासून धूळ नाही, घरात जरा बरं आहे, ती काल अंगण सारवत होती. त्याला त्या बंदचा आनंदच झाला होता. शिवाय झाडांच्या फांद्यांतून, शेताच्या बांधावरून फक्त मोटारसायकल जायची, त्यामुळे पायलटांना क्षणाची उसंत नव्हती.

मेस्त मोर्च्यासाठी पणजीला निघाला तेव्हा गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत तो मला म्हणाला, मी येईपर्यंत ऑइल बदल, प्लग साफ कर, पंक्चर काढ, टॅपेटला हात लावू नकोस. दोघं हसली. मी सत्तावीस वर्षांचा, आठ वर्षं पाना फिरवलेला, आणि मला पंक्चरवाल्यात काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आज वाटतं, मेस्तचं काय चुकलं? तो मला ओळखून होता.

रस्ते बंद झाल्यामुळे मेस्त म्हापशाला नातेवाइकाकडे अडकून पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला दादा आला. गाडी रस्त्यावरूनच खडखडत होती. तुयेच्या कारखान्यातल्या एका कामगाराला दुपारच्या पाळीला पोचवायचं होतं, मधल्या चढावर गाडी दम टाकत होती. तासभर वेळ आहे, तेवढ्यात काही होईल का, असं त्याने विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानेच वाट करून दिली, "जायना जाल्यार सोड. मेस्त आयल्यार पळोवया."

त्याने सोडून दे म्हटलं होतं. हे वाक्य मी कित्येक वर्षं आठवणीतून गाळत आलो. मनातल्या मनात सांगताना मी नेहमी म्हणायचो की त्याने घाई केली. त्याने घाई केली नव्हती. मेस्त आल्यावर बघू, एवढंच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मेस्त कशाला? बसा दादा, आत्ता करतो."

इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडत होता. अर्धा तास मी पंख्यासमोर गाडी उभी केली, जणू ती चहाची बशी होती. मग झाकण उघडलं. बाजूला धुराची नळी तापलेली, तिला लागून उजव्या हाताची दोन बोटं आणि मनगट भाजलं. काडी चिमटीत धरवेना. मी ओलं फडकं गुंडाळून धरली. फडक्यातून काडी फिरतेय की फडकं फिरतंय तेच कळत नव्हतं. आवाज बंद झाला पाहिजे एवढंच डोक्यात होतं, म्हणून दोन्ही काड्या आवळत गेलो. गरम डोक्याने गरम इंजिनावर बसलो होतो, दुसरं काय होणार.

गाडी चालू केली. खटखट साफ गेली. आमच्या धंद्यात अगदी गप्प झालेलं इंजिन चांगलं लक्षण नसतं, थोडी टिकटिक राहायला हवी. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण दादा इतका खूश झाला, कान लावून ऐकत राहिला, म्हणाला शिवणयंत्र झालं रे गाडीचं. मी फुगलो. संध्याकाळी परत जाताना त्याने गॅरेजापुढे हॉर्न वाजवला. दिवसभर इंजिन तापलेलंच होतं, त्यामुळे गाडी झकास पळाली. मेस्त आला की त्याला हे कसं सांगायचं, याची वाक्यं मी रात्री जेवताना जुळवत होतो.

मी गॅरेजातच राहायचो. सकाळी उजाडता उजाडता दादा दारात उभा. शेजाऱ्याची सायकल, अंगावर बनियन, पायात काही नाही. वहिनींना पहाटे दमा लागला होता. आदल्या संध्याकाळी त्यांच्या नाक्यावर टायर जाळले होते, तो धूर रात्रभर गावात कोंडला होता. गावातल्या एका मोटारवाल्याने दगड बसतील म्हणून मोटार बाहेर काढली नव्हती. आणि गाडी चालू होत नव्हती. त्याने प्लग पुसला होता, उतारावर ढकलली होती, पेट्रोल बघितलं होतं. मला म्हणाला, "किक पोकळ जाता रे. कांयच दाब ना."

मला तिथेच कळलं. पुढचं बघायची गरजच नव्हती. रात्रभरात इंजिन निवलं होतं आणि मी आवळलेल्या काड्यांनी दोन्ही झडपा उघड्या धरल्या होत्या. गॅरेजात दोन गाड्या होत्या, दोन्ही उघडून पसरलेल्या. मी पाने उचलले आणि त्याच्या सायकलवर मागे बसलो. तो सायकल मारत होता आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. वाटेत आडव्या पडलेल्या आंब्याच्या झाडापाशी दोघांनी सायकल उचलून पलीकडे नेली. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, निदान त्या झाडापाशी. मी म्हणालो, होईल दादा, काळजी करू नका.

वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात जमिनीला रेटून. ओठ जांभळे. शेजारच्या बायका पाठ चोळत होत्या. मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि गाडीशी बसलो. झाकण काढलं, काडीला बोट लावलं. जराही हलत नव्हती. पान्याने दोन्ही सैल केल्या, बोटांवरचे फोड फुटले, काड्या फिरायला लागल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. किक मारली आणि गाडी एका दमात चालू झाली.

वहिनींना गाडीवर एकटं बसता येत नव्हतं. दादा पुढे, मध्ये त्या, मागे मी त्यांना धरून. त्यांचा श्वास माझ्या छातीला लागत होता, शिट्टीसारखा बारीक. आंब्याच्या झाडाशी गाडी शेतात उतरवून वळसा घालावा लागला. परत रस्त्यावर आलो तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं आणि छातीला लागणारी ती हालचाल थांबली. मी दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो थांबला असता, आणि दवाखाना अजून दीड-दोन किलोमीटर होता. तो वाऱ्यात मान वळवून एकसारखा विचारत होता, बरी आहे ना. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि दमा किती वाजता लागला ते विचारलं. दादाने सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. एरवी दहा मिनिटांची वाट होती. त्या सकाळी दीड तास झाला होता.

मेस्त दोन दिवसांनी आला. त्याला बाजारातच बातमी कळली होती. लोक सांगत होते की गाडी बंद पडली होती आणि घाट्याने धावत जाऊन चालू करून दिली. मेस्त थेट माझ्याजवळ आला. माझा उजवा हात धरला, उलटा केला, बोटांवरचे फोड बघितले, मनगटावरचा नळीचा डाग बघितला. मग म्हणाला, "हून इंजिन उकतें केलें तुवें." गरम इंजिन उघडलंस. मी मान हलवली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बाकावर बसला, आणि उठताना म्हणाला, "हें तूं ताका सांगतलो." हे तू त्याला सांगणार आहेस. जबरदस्तीचा सूर नव्हता, पण त्यातून सुटकाही नव्हती.

दहाव्याला मी मुळगावला गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. ओसरीवर वहिनींच्या माहेरची माणसं बसलेली. दादाचं डोकं भादरलेलं, चेहरा इवलासा झालेला. मला बघताच तो उठून आला, हात धरून सगळ्यांच्या मध्ये घेऊन गेला आणि वहिनींच्या म्हाताऱ्या वडिलांना म्हणाला, "हाणें एका किकीन चालू केली. हो आशिल्लो म्हणून हॉस्पिटलांत तरी पावलीं." हा होता म्हणून दवाखान्यात तरी पोचलो, हे ऐकून त्या म्हाताऱ्याने मला हात जोडले. मी खाली बसलो. कुणीतरी चहा आणून दिला आणि मी तो प्यालो. तो चहा प्यालो याची मला जितकी शरम वाटते तितकी फडक्यात काडी धरल्याचीही वाटत नाही. फडकं ही चूक होती. चहा पिताना माझं डोकं थंड होतं आणि तोंडात कुणी बोळा कोंबला नव्हता.

परत आल्यावर मेस्तने तोंडाकडे बघितलं आणि समजायचं ते समजला. त्याने पुन्हा विषय काढला नाही. मला काढूनही टाकलं नाही. फक्त त्या दिवसापासून मला शिव्या देणं त्याने बंद केलं, आणि ते फार जड गेलं.

पुढे आंदोलन मिटलं, गोव्याचं वेगळं राज्य झालं, खनिजाचे ट्रक पहिल्यापेक्षा दुप्पट झाले. मेस्त थकल्यावर गॅरेज मीच चालवलं. दादा शेवटपर्यंत गाडी माझ्याकडेच आणायचा. गणपतीच्या चवथीला मला घरी बोलवायचा, पानात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढायचा. दर वर्षी मी ठरवून जायचो आणि जेवून परत यायचो. त्याला कधी संशय आला का, हे मला आजही माहीत नाही. पायलटला गाडीतलं थोडंफार कळतंच. आदल्या दिवशी टॅपेट आवळले आणि दुसऱ्या दिवशी दाब नाही, हा हिशोब काही अवघड नव्हता.

पण मनात सारखा येतो तो दिवस वेगळाच आहे. वहिनींना जाऊन महिना झाला होता. संध्याकाळची वेळ, मेस्त घरी गेला होता, मी हत्यारं पुसत होतो. दादा गाडी घेऊन आला. टॅपेट पुन्हा वाजत होते, साहजिकच, कारण त्या सकाळी मी घाईत नुसते सैल करून सोडले होते. त्याने गाडी आत घेतली, नेहमीच्या जागी स्टँडवर लावली, सीटवरून एकदा हात फिरवला. मी वाक्य तयार ठेवलं होतं. दादा, त्या दिवशी चूक माझी होती. एवढंच म्हणायचं होतं. मी फडकं खाली ठेवलं.

त्याने चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दवर रातची हांगाच. आतां रातची गाडी घरा जाय अशें कांय ना."

आता रात्री गाडी घरी लागते असं काही राहिलं नाही. आवाजात ना राग होता ना टोमणा, वेळ सांगावी तसं त्याने ते सांगितलं. मी बरं म्हणालो. तो चालत निघाला, मुळगाव तासाभराची वाट आहे. वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी चावी हातात घेऊन दारात उभा होतो, आणि हाक मारली नाही.

सकाळी चहाच्या आधी झाकण उघडलं. इंजिन रात्रभर निवून गार पडलं होतं. उघड्या बोटांनी काडी धरली, पाव फेरा आवळली, सोडली, पुन्हा धरली. दोन्ही काड्या सहज फिरत होत्या आणि वरखाली हलत नव्हत्या. मेस्त मागे येऊन उभा होता. त्याने वाकून स्वतः एकदा फिरवून बघितली आणि बरोबर आहे म्हणाला.